भागाबाईची वांगी आणि रंभाजीच्या गाठी

एका गावात एक भोळा रंभाजी होता. भोळी माणसं गावोगाव असतात. पण त्यांना काही सांगितलं तर ती निम्मं विसरतात, त्यामुळे निभावून जातं. रंभाजी काहीच विसरत नसे. सगळी पंचाईत तिथंच होती. कुणी काही सांगितलं की तो उपरण्याला गाठ मारी, आणि गाठ मारलेली गोष्ट केल्याशिवाय राहत नसे.

त्याची बायको भागाबाई मात्र हुशार. तिनं परसात बांबूच्या कांबी वाकवून वर प्लॅस्टिकचा कागद ताणला होता. पंचायतीतले लोक त्याला हरितगृह म्हणत, गाव त्याला भागाबाईचं कागदाचं घर म्हणे. आत ट्रेमध्ये वांग्याची चाळीस रोपं वीतभर झाली होती.

ती वांगी खायची नव्हती, मानाची होती. चातुर्मासात गावात कुणी वांग्याला हात लावत नसे. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, मगच घरोघर वांगं शिजायचं. त्या पहिल्या भरताचा मान सात वर्षं शेजारच्या तानूबाईकडे होता. "यंदा देव माझी वांगी खाईल," असं भागाबाई विहिरीवर चारचौघींत बोलून बसली होती.

आणि नेमकी मोरीत घसरली. पाय मोडला, प्लास्टर लागलं. ओसरीवरच्या खाटेवर पडून ती म्हणाली, "अहो, आता वांगी तुमच्या हाती. रोपं कागदाच्या घरात वाढलीत. लावण्याआधी त्यांना बाहेरची सवय लागली पाहिजे. रोज जरा बाहेर न्या."

रंभाजीनं उपरण्याला गाठ मारली. ट्रे डोक्यावर घेतला आणि निघाला. संध्याकाळी परत आला.

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं?"

"बाहेरची सवय. चावडी दाखवली. एस्टी स्टँड दाखवलं. रसवंतीवाल्याची ओळख करून दिली. दुपारभर स्टँडवरच बसलो होतो. पहिल्यांदा जरा लाजली, मग माना खालीच घातल्या."

भागाबाईनं कपाळावर हात मारला. दहा रोपं गेली होती. "अहो, ती नाजूक असतात! असं कुणी कोमेजून आलं तर सावलीत ठेवायचं, वरून पाणी शिंपडायचं, ओल्या गोणपाटानं झाकायचं!"

"मग तसं सांगायचं की," रंभाजी म्हणाला, आणि त्यानं गाठ मारली.

भागाबाईनं बाहेर लावायचा बेत सोडला, म्हणून उरलेली तीस रोपं त्यानं कागदाच्या घरातच वाफ्यात लावली. नीट लावली. आठ दिवसांनी कृषी खात्याचे साहेब हरितगृह बघायला आले. उन्हातून तीन मैल चालत आलेले, चेहरा पार उतरलेला. रंभाजी मागच्या दारी गेला आणि घटकेत ओसरीवर आला.

"झालं."

"काय झालं?"

"साहेब आले होते. अगदी कोमेजून आले होते. सावलीत ठेवले, दोन घागरी पाणी शिंपडलं, ओल्या गोणपाटानं झाकले."

"आणि?"

"लगेच ताठ झाले. तसेच पळाले."

"अहो, माणूस होता तो! दारी आलेल्याला पाटावर बसवायचं, गूळपाणी द्यायचं, 'घर आपलंच समजा' म्हणायचं!"

रंभाजीनं गाठ मारली. त्याला वाईट वाटलं होतं. पुढच्या वेळी कसूर करायची नाही, असं त्यानं ठरवलं.

पुढच्या वेळी तानूबाईची शेळी आली.

"झालं," रंभाजी हात पुसत म्हणाला.

"आता काय झालं?"

"पाहुणी आली होती. पाटावर काही बसेना, पण गूळ आवडीनं खाल्ला. 'घर आपलंच समजा' म्हटलं. लगेच समजली. आपल्या हातानं घेऊन जेवली."

"काय जेवली?"

"अकरा."

भागाबाई खाटेवरून उठायला गेली आणि कळवळून परत पडली. दातओठ खात म्हणाली, "आत कुणी शिरलं की काठी घ्यायची! ओरडायचं! हाकलून लावायचं आणि दार घट्ट बंद करायचं! कुणी म्हणजे कुणी आत येता कामा नये!"

ही गाठ रंभाजीनं दातानं ओढून पक्की केली.

उरलेली एकोणीस झाडं कमरेएवढी झाली. जांभळी फुलं आली. भागाबाई खाटेवरून रोज विचारी, "फुलं आहेत ना?" रंभाजी म्हणे, "आहेत." एके दिवशी म्हणाला, "होती."

"होती म्हणजे?"

"गळली."

"भुंगे येत नाहीत का फुलांवर?"

"येत होते की!" रंभाजी अभिमानानं म्हणाला. "रोज काठी घेऊन उभा राहतो. ओरडून घसा बसलाय. एकालाही शिरू दिलं नाही. दार घट्ट."

या वेळी भागाबाई ओरडली नाही. तिनं पदर डोळ्यांना लावला. तेव्हा मात्र रंभाजीनं काठी खाली ठेवली. तो खाटेशी खाली बसला. "रडू नकोस. तू सांग, मी करतो."

भागाबाईनं नाक पुसलं. "ऐका नीट. फूल असंच गळून पडलं की गेलं. त्याला फळ नाही. फूल टिकलं पाहिजे. आता दुसरा बहर येईल. दार उघडं ठेवा, भुंग्यांना येऊ द्या, आणि तुम्हीही रोज सकाळी प्रत्येक फुलाला हलकेच टिचकी मारा. मग फळ धरतं."

रंभाजीनं गाठ मारली. आणि नवल झालं. या वेळी त्यानं सांगितलेलं केलं, आणि जिथं करायचं तिथंच केलं. रोज पहाटे उठून फुलागणिक टिचकी. महिन्याभरात झाडं वांग्यांनी वाकली. गोल, जांभळी, तुकतुकीत. भागाबाईनं पहिलं वांगं हातात घेतलं आणि नवऱ्याकडे बघून हसली. रंभाजीला आभाळ ठेंगणं झालं.

चंपाषष्ठीला देवळात माणूस मावेना. भागाबाई काठी टेकत आली. मागून डोक्यावर टोपली घेऊन रंभाजी. पलीकडून तानूबाईही टोपली घेऊन आली. दोघींची वांगी एकाहून एक.

गेनू गुरव म्हणाला, "मान एक, टोपल्या दोन. देवालाच कौल लावू." त्यानं देवाच्या उजव्या खांद्यावर एक ओलं फूल चिकटवलं, डाव्या खांद्यावर एक. "उजवं पडलं तर मान भागाबाईचा. डावं पडलं तर तानूबाईचा."

सगळे फुलांकडे बघू लागले. रंभाजीला गुरवाचं बोलणं नीट ऐकू आलं नव्हतं, तो टोपली उतरवत होता. त्यानं भागाबाईला कुजबुजत विचारलं, "आपलं फूल कोणतं?"

"उजवं," भागाबाई हात जोडून म्हणाली.

बराच वेळ काही हललं नाही. मग उजवं फूल जरासं सरकलं. आणखी सरकलं. एका पाकळीवर लोंबू लागलं. भागाबाईनं जोडलेले हात कपाळाला लावले. तानूबाईचा चेहरा पडला. लोकांनी येळकोट करायला तोंडं उघडली.

रंभाजीनं टोपली तिथंच सोडली. हे त्यानं कागदाच्या घरात बघितलं होतं. फूल असंच गळून पडलं की गेलं! "थांब, थांब!" असं ओरडत तो उंबरा ओलांडून गाभाऱ्यात घुसला. गुरव "अरे, अरे" म्हणेपर्यंत त्यानं ते फूल अंगठ्यानं दाबून, वरून ओला भंडारा लिंपून पक्कं बसवलं. मग न्यायानं दोन्ही फुलांना हलकेच एकेक टिचकी मारली.

डावं फूल टपकन खाली पडलं.

तानूबाईच्या घरच्यांनी येळकोट येळकोट करून देऊळ दणाणून सोडलं.

रंभाजी घाम पुसत बाहेर आला. बायकोजवळ बसला आणि समाधानानं म्हणाला, "झालं. तुझं गळतच होतं गं, पण वाचवलं मी. तानूबाईचं मात्र गेलं, बिचारीचं."