मृदंगाची कणीक

मोहरवाडीत ओढ्याच्या अलीकडे बेचाळीस उंबरे आणि पलीकडे एक खोपट. गाव आपली मोजणी बेचाळिसावरच थांबवीत असे. अशा या गावी निवांतनाथ महाराज राहत होते, तेव्हाची ही गोष्ट.

महाराजांना गावाने मारुतीच्या देवळातली ओवरी देऊ केली होती. महाराज राहिले देवळामागच्या गोठ्यात. म्हणाले, "ओवरीत बसलो तर तुम्ही मागायला याल. इथं कपिला गाय आहे, ती काही मागत नाही." लोक हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून गोठ्यात जाऊन मागू लागले. कुणाला मूल हवे, कुणाला जावई. महाराज अंबाडीचे दोर वळीत ऐकून घेत. सगळ्यांना एकच उत्तर असे, "बघू."

त्या साली पाऊस झालाच नव्हता. विहिरींचे तळ दिसत होते आणि चैत्र जवळ आला होता. चैत्रातला सप्ताह मोहरवाडीने कधी चुकवला नव्हता. चुकवला असता तर शेजारच्या गावाला काय तोंड दाखवायचे! गावकरी परवानगी विचारायला आले. महाराज म्हणाले, "करा की. पण आधी ओढ्यापलीकडं एकदा बघून या."

"हो महाराज," सगळे म्हणाले. मोजले असते तर बरोबर बेचाळीस होकार भरले असते. ओढा ओलांडून मात्र एकच जण गेली. ती कोण, हे पुढे कळेल.

पलीकडच्या खोपटात ठकूबाई आणि तिचा नऊ वर्षांचा म्हसू राहत. म्हसूचा बाप विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला होता. ठकूबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई, तिथेच तापाने पडली. घरात धान्याचा एक मोठा रांजण होता, तळापर्यंत रिकामा. म्हसू त्याच्यावर थाप मारी. रिकामा रांजण फार छान वाजतो, हे भरल्या घरातल्या पोराला कधी कळत नाही. देवळाच्या खांबाआड बसून ऐकलेले बोल तो रांजणावर उतरवी, आणि ठकूबाई अंथरुणातून म्हणे, "वाजव रे. तू वाजवतोस तेवढा वेळ पोट गप बसतं."

ते बोल असत रंगोबुवांचे. रंगोबुवा मृदंगे म्हणजे पंचक्रोशीतला हात. बोट पडले की देवळाचा कळस डोलावा असा, आणि बुवांचे स्वतःचेही मत तेच होते. मानधन नको, पण मान हवा. मृदंगावरून सावली गेली तरी बुवा उठून मृदंग पुसायचे.

आता मृदंगाची एक रीत सांगायला हवी. त्याच्या डाव्या तोंडाला, धुम्याला, वाजवण्याआधी गव्हाच्या भिजवलेल्या कणकेचा जाड थर देतात. त्याशिवाय घुमारा येत नाही. वाजवून झाले की ती कणीक खरवडून काढायची. मोहरवाडीत ही कणीक रोज एका घराने पाळीने द्यायची आणि खरवडलेली कपिलेला घालायची. नाम मुरलेली कणीक, दुसऱ्या कुणाच्या पोटी जायची नाही! त्या साली घरोघर कण्यांवर दिवस निघत होते, पण पाळी आली की बायका कुठल्या मडक्याच्या बुडातून गहू काढीत कोण जाणे. पाटलिणीपेक्षा आपली कणीक चांगली घुमली पाहिजे ना!

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी महाराजांनी म्हसूला हाक मारली. "कणीक कपिलेला घालायचं काम तुझं."

म्हसूने ते काम इमानाने केले. गोठ्याच्या दाराशी उभा राहून तो गाईला म्हणाला, "अर्धी तुला, अर्धी माझ्या आईला. चालंल?" गाईने मान हलवली. गाई माशा आल्या तरी मान हलवतात, पण म्हसूने तो होकार धरला. महाराज दोर वळीत होते. त्यांनी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

तिसऱ्या दिवशी रंगोबुवांनीही पाहिले, आणि त्यांना न पाहिल्यासारखे करणे कधी जमलेच नव्हते.

"काय रे ए! गाईच्या तोंडचा घास पळवतोस?"

"आईला नेतोय बुवा. तिला ताप हाय."

"ताप आहे तर वैद्याकडे ने. मृदंगाची कणीक खाऊन उद्या तुझी आई गदिगन गदिगन बोलायला लागेल!"

ओवरीतले सगळे हसले. विनोद बरा होता, आणि बुवांच्या विनोदाला न हसणारा पुढच्या ओळीत बसत नसे.

म्हसू मान खाली घालून उभा राहिला. जाताना मात्र हळूच म्हणाला, "बुवा, काल तिसऱ्या अभंगाला तुम्ही जो तुकडा घेतलात, तो पुन्हा घ्याल का? मला शेवटचं नीट धरता आलं नाही."

"तू धरणार?" बुवा म्हणाले. "आधी पोटाला धर, मग मृदंग धर."

चौथ्या दिवशी बुवांनी एक गंमत केली. चैत्रातला कडुनिंबाचा कोवळा पाला वाटला आणि कणकेत चांगला मळून घेतला. घुमारा तोच राहतो, चव तेवढी जाते. टाळकऱ्याला डोळा घालून म्हणाले, "आता बघू चोर काय खातो ते." कपिलेने कणकेला तोंड लावले नाही. म्हसू सगळीच घेऊन गेला. पाचव्या दिवशीही नेली. सहाव्या दिवशीही नेली. बुवांना नवल वाटले. नवलापलीकडे काही वाटावे, इतकी त्यांना अजून सवय नव्हती.

सातव्या दिवशी सकाळी काल्याचे कीर्तन उभे राहिले. मंडपात बसायला जागा नव्हती. कणीक पाटलांच्या घरची, पांढरीशुभ्र. बुवांनी थर दिला, बाही सारली, थाप मारली.

धप्प!

ओल्या गोणीवर काठी पडावी तसा आवाज आला. बुवांनी हसून दोरी ताणली, तिच्याखालचे लाकडी गठ्ठे ठोकले, पुन्हा थाप मारली. कणीक सुकून पापुद्र्यांसारखी खाली पडली. दुसरा गोळा लावला, तोही पडला. तिसरा लावला, तो बोटांनाही चिकटेना. कीर्तनकार पूर्वरंगातच अडकून उभे. देवाच्या दारात मृदंग मुका झाला! बायका तोंडाला पदर लावून एकमेकींकडे पाहू लागल्या. बुवांच्या कपाळावर घाम आला. बेचाळीस घरांसमोर त्यांचा हात पहिल्यांदा रिकामा पडला होता.

तेवढ्यात महाराज गोठ्यातून आले. म्हणाले, "रंगोबा, खरवडून टाक. कोराच राहू दे. म्हसू, बैस."

"महाराज!" बुवा उसळले. "कणकेशिवाय मृदंग? आणि हे पोर? याने जन्मात मृदंगाला हात लावलेला नाही!"

"रांजणाला लावलाय," महाराज म्हणाले. "बैस रे."

म्हसू बसला. मृदंग त्याच्या मांडीपेक्षा मोठा. त्याने दोन्ही तोंडांना नमस्कार केला आणि कोऱ्या चामड्यावर डावा हात टाकला.

काय सांगावे! ढग जमिनीखालून गडगडावा तसा धुमा घुमला. कीर्तनकारांच्या वीणेची तार आपोआप थरारली. पोराच्या दहा बोटांतून रांजणावरची सगळी उपाशी वर्षे बोलू लागली. बुवांचा तो तिसऱ्या अभंगाचा तुकडाही आला, शेवटासकट, आणि बुवांपेक्षा एक मात्रा सावकाश, म्हणून जास्त गोड. हंडी फुटेपर्यंत मृदंग थांबला नाही. थांबला तेव्हा लोकांनी पाहिले. कोऱ्या धुम्यावर ताज्या कणकेचा थर होता, ओला, नुकत्याच मळल्यासारखा. कुणी लावला होता? कुणीच नाही.

महाराजांचा जयजयकार झाला. बायका प्रसादाच्या स्वयंपाकाला घरी धावल्या आणि थोड्या वेळात एकेक करीत परत आल्या. प्रत्येकीची तक्रार एकच. परातीत झाकून ठेवलेल्या कणकेतून कुणीतरी मूठभर काढली होती! मांजर म्हणावे तर बोटांचे ठसे आहेत, चोर म्हणावे तर दाराला कडी. एकेचाळीस घरांतून एकेक मूठ. शेजारणीने डोकावून पाहिले, तर फक्त हुसेनबी पिंजारणीच्या परातीत काही कमी झाले नव्हते. लोक तिच्याकडे संशयाने पाहणार, तर ती मंडपात नव्हतीच.

ती ओढ्याकडून धावत आली. ओली, अनवाणी. सप्ताहभर रोज आपल्यातली चतकोर भाकरी पदराखाली घेऊन ओढा ओलांडणारी तीच होती.

"महाराज, चला हो," ती म्हणाली. "ठकूच्या उशाशी कणकेचे गोळे आलेत. दार मी लावून बसले होते, कुणी आलं नाही, गेलं नाही. मोजले मी. एकेचाळीस हायेत. पण खाणार कोण? ती गेली हो. इकडं मृदंग वाजायला लागला तशी डोळे उघडून म्हणाली, 'हुसेनबी, माझा म्हसू वाजवतोय बघ. आज घर भरल्यासारखं वाटतंय.' वाजत होतं तोवर ऐकत होती. थांबलं, तशी तीही थांबली."

मंडपात कुणी कुणाकडे पाहिले नाही. आपली मूठ पोचली, हे प्रत्येकाला कळले होते. केव्हा पोचली, हेही कळले होते.

लोक महाराजांकडे वळले. आता महाराज रागावतील, म्हणजे सुटल्यासारखे होईल, असे त्यांना वाटत असावे. महाराज खाली बसले. म्हणाले, "मी तुम्हाला बघून या म्हणालो आणि तुमच्या होकारावर विसंबून दोर वळीत बसलो. पोरगं कणीक नेतंय एवढ्यावर समाधान मानलं. माझंही चुकलं बाबांनो." संतांच्या तोंडी हे शब्द गावाने कधी ऐकले नव्हते. पुन्हा ऐकले नाहीत.

म्हसू रडला नाही. तो उठला, आणि जाता जाता रंगोबुवांसमोर थांबला. सगळ्यांदेखत हात जोडून म्हणाला, "बुवा, तुम्ही कणकेत औषध घालून देत होतात ना. आईनं तिन्ही दिवस खाल्लं. म्हणाली, औषध कडूच असतं. तुम्हाला सांगायला सांगितलंय, औषध पोचलं म्हणून."

लोक भारावले. "वा बुवा! एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताला कळू दिलं नाहीत!"

एवढ्या माणसांत खरे आपल्यालाच ठाऊक, असे तिघांना वाटत होते. टाळकरी टाळांच्या दोऱ्या सोडू लागला. महाराज बुवांकडे पाहत राहिले. आणि बुवा? बुवांनी तोंड उघडले, मिटले, आणि शेवटी मान डोलावली. त्यांनी आभार घेतले.

लोक पांगल्यावर महाराज एवढेच म्हणाले, "रंगोबा, ते औषध आता रोज तू घे. थोडं थोडं. उतार पडेपर्यंत."

त्या दिवसापासून बुवा रोज सकाळी कडुनिंबात मळलेली कणकेची गोळी खात. विचारले तर पित्त म्हणत. म्हसूला त्यांनी आपल्या घरी नेले, पंगतीत शेजारी बसवले, आणि विद्या दिली ती हातचे काही न राखता. शेवटची ठेवणीतली परण, बोलांची ती अवघड गुंफण, तीसुद्धा दिली, जी पोटच्या मुलालाही दिली नव्हती. म्हसूचा म्हसाजीबुवा झाला. मोठमोठ्या गावांच्या उत्सवांतून त्याला बोलावणी येऊ लागली, गवई त्याच्या तारखा पाहून आपल्या बैठका ठरवू लागले. पण कुठेही गेला तरी त्याची एक अट असे. धुम्याला कणीक लावण्याआधी तेवढीच कणीक बाजूला काढायची, भाजायची आणि गावात ज्याची मोजणी होत नाही त्याला पोचवायची. ती पोचल्याचा निरोप आल्याशिवाय म्हसाजीबुवा थाप मारीत नसे. मोठे यजमान चुळबुळत, पण थांबत.

बावीस वर्षे गेली. महाराज देह ठेवून गेले, गोठ्याच्या जागी त्यांची समाधी झाली. रंगोबुवा ऐंशीला टेकले. हात कापू लागला, गोळी मात्र चुकली नाही. पित्त गेले होते. उतार पडत नव्हता.

त्या चैत्रात म्हसाजी काल्याला आला. धुम्याला लावायचा कणकेचा गोळा समाधीच्या पायरीवर ठेवून तो निरोपाची वाट पाहत होता. बुवा काठी टेकीत आले. तिथे दुसरे कुणी नव्हते. बुवांनी बावीस वर्षे घोकलेले वाक्य एका दमात बोलून टाकले.

"म्हसू, ते औषध नव्हतं. तू खाऊ नयेस म्हणून घातलं होतं. गंमत म्हणून."

म्हसाजीने मृदंगावरची बोटे उचलली नाहीत. "ठाऊक आहे बुवा."

"कधीपासून?"

"पहिल्या घासापासून. खडी फोडणाऱ्या बाईला कडुनिंब कळत नाही होय? मी चिडून परत फेकायला निघालो होतो. आईनं हात धरला. म्हणाली, 'याला औषध म्हण. कायमचं औषधच म्हण. बुवांवर राग धरलास तर शिकशील कुणाकडं? त्यांच्यासारखा हात पंचक्रोशीत नाही.' मग तिनं ती सगळी खाल्ली. मला खोटं बोलायला लागू नये म्हणून."

बुवांच्या हातातली काठी गळली. आपण ज्या बाईच्या घासात कडू कालवले, तिने मरता मरता आपल्याला गुरुपण देऊन ठेवले होते. आणि आपण मात्र बावीस वर्षे तिच्या मुलाचा नमस्कार खोट्याने घेत राहिलो! महाराज हयात असताना त्यांच्यासमोर खरे सांगितले असते तर? ती संधी गोठ्यात दोर वळीत रोज बसलेली होती. आता तिथे दगडाची समाधी होती.

"महाराज, उशीर झाला हो!" असे म्हणत बुवा म्हसाजीच्या पायांशी वाकले. गुरूने शिष्यापुढे वाकावे, हे म्हसाजीला कसे सोसावे? तो झटकन मागे सरला. बुवांचे कपाळ समाधीच्या पायरीवर टेकले, तिथे ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यावर. किती तरी वेळ ते उठले नाहीत.

उठले तेव्हा कणीक कपाळाला लागलेली होती. म्हसाजीने पुसायला उपरणे पुढे केले. बुवांनी त्याचा हात हळूच बाजूला केला, आणि कपाळ तसेच घेऊन, ज्या पुढच्या ओळीत ते जन्मभर बसले होते ती ओलांडून, मंडपाच्या अगदी मागे, हुसेनबीशेजारी जाऊन बसले.