पहिली पोळी

एकदा एक वृद्ध सुगरण होती. सांगलीत पाककृतींचे व्हिडिओ करणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती स्वयंपाकाला येत असे. आयुष्यभर लग्नकार्यांत राबलेली बाई. पडद्यावर तिचा चेहरा कधी दिसला नाही, दिसायचे ते फक्त हात. सगळे तिला गोदाक्का म्हणत. शर्वाणी नावाची मुलगी तीन वर्षे तिच्या हाताखाली शिकत होती. पदार्थ कसा करावा हे अक्कांकडून, आणि तो देखणा कसा दिसावा हे आपल्या बुद्धीने.

या कामाची एक रीत असते. पंधरा पोळ्या कराव्यात तेव्हा दोन पडद्यावर जातात. तवा रुळेपर्यंत कॅमेरा बंदच ठेवतात. त्या निवडक दोन पोळ्यांना पुन्हा पुन्हा तुपाचा हात लावून प्रखर दिव्यांखाली इतका वेळ ठेवतात, की अखेर त्या वातड होऊन जातात. फाटलेल्या, करपलेल्या पोळ्या बाजूला पडतात, आणि दुपारी सारी मंडळी आवडीने त्याच खातात.

इथे सणही महिनाभर आधी येतात. माघातच होळीच्या पुरणपोळीचे चित्रीकरण ठरले. काम पीठ तयार करणाऱ्या एका कंपनीचे होते आणि ते प्रथमच एकट्या शर्वाणीवर सोपवले होते. व्हिडिओ कंपनीच्या मालकीणबाईंनी स्पष्ट सांगितले होते, की हे पसंत पडले तर वर्षभराच्या सणांचे काम तुझे, नाही तर बाहेरून कोणी जाणकार आणावा लागेल.

त्या सकाळी चहा घेताना शर्वाणी नेहमीप्रमाणे प्रेक्षकांचे अभिप्राय फोनवर वाचून दाखवत होती. एकीने लिहिले होते, ‘तुमचं बघून करायला गेले. तीनदा तव्यावर फाटली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. शेवटी नैवेद्याला दुकानातली आणली. आता सणाचं मी काही करतच नाही.’

कॅमेरा सांभाळणारे दिनकरराव म्हणाले, “पुरणाला धीर लागतो म्हणावं तिला, नुसतं नेट असून भागत नाही.”

सगळे हसले. शर्वाणीही हसली. अक्का तेवढ्या हसल्या नाहीत. कुठली गं ती, एवढेच त्यांनी विचारले. गाव काही लिहिलेले नव्हते.

पिठाच्या कंपनीचे मगदूमसाहेब येऊन खुर्चीवर बसले. तवा अजून नीट तापलाही नव्हता, तेवढ्यात अक्का दिनकररावांना हळूच म्हणाल्या, “चालू करा.” दिनकररावांना वाटले, उजेड पाहायचा असेल, आणि त्यांनी कॅमेरा सुरू केला. पहिली पोळी तव्यावर पडली आणि फाटली. पुरण बाहेर येऊन तव्याला चिकटले. अक्कांनी घाई केली नाही. आच मंद केली. उलथन्याच्या टोकाने चिकटलेले पुरण खरवडले, कणकेची चिमूट बोटांनी पातळ करून फाटल्या जागी बसवली, वर कोरडे पीठ भुरभुरले, थोड्या थांबल्या आणि पोळी उलटली.

पुढच्या पोळ्या टम्म फुगल्या. शर्वाणीने त्यांतल्या दोन निवडून केळीच्या पानावर मांडल्या. त्यावर अक्कांनी ती ठिगळाची पोळी ठेवली, तुळशीचे पान ठेवले, भोवती पाणी फिरवले आणि हात जोडून डोळे मिटले. कॅमेरा चालूच होता.

मगदूमसाहेब उठून उभे राहिले. “अहो ताई, आमच्या पिठाची पोळी फाटते, हे लोकांना सांगायचंय का?”

शर्वाणीने ती पोळी उचलायला हात पुढे केला. अक्कांनी तिचे मनगट धरले. म्हणाल्या, नैवेद्य दाखवलाय, आता पान हलवायचं नाही.

शर्वाणीने निमूटपणे दुसरे पान मांडले, त्यावर निर्दोष पोळ्या ठेवल्या आणि तेही टिपून घेतले. साहेब जाताना बजावून गेले, की फाटलेले सगळे कापून टाका.

दुपारी मंडळी जेवायला बसली. शर्वाणी ताटाला हात लावीना.

“अक्का, तीन वर्षं मी या दिवसाची वाट पाहिली. तुम्हाला हे आजच सुचायचं होतं?”

अक्कांनी नैवेद्याच्या पानावरची ती पोळी मोडली आणि एक तुकडा तिच्या ताटात ठेवला.

“रोज दुपारी तू इथं काय जेवतेस गं?”

“उरलेलं. फाटकं, करपलेलं.”

“आणि पडद्यावरचं कोण खातं?”

ते कोणीच खात नसे.

अक्का शांतपणे म्हणाल्या, “माझ्या पहिल्या होळीला माझी पोळी अशीच फाटली. सासूबाईंनी तीच नैवेद्याला घेतली. म्हणाल्या, देवाला पहिली द्यायची असते, निवडलेली नव्हे. निवडायला बसलं की देव राहतो बाजूला आणि आपलं कौतुक येतं पुढं. बाळ, न फाटणारी पोळी मला अजून जमलेली नाही. फाटल्यावर काय करायचं ते तेवढं शिकले, म्हणून लोक सुगरण म्हणतात. आणि आपण नेमकं तेच दर वेळी कापून टाकतो. सकाळी जिचं वाचलंस ती पोरगी आपल्याकडं पोळी शिकायला आली होती. लाज शिकून गेली.”

शर्वाणीने तो तुकडा तोंडात घातला. कणीक जिथे जोडली होती तिथे पोळी थोडी जाड लागत होती. चवीत काही उणे नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती व्हिडिओची जोडणी करायला बसली. दोन्ही पानांची दृश्ये तिच्यासमोर होती. बराच वेळ गेल्यावर तिने निर्दोष पान बाजूला सारले आणि पहिल्या पोळीपासून व्हिडिओ जोडला. मालकीणबाईंना तिने सांगितले, की हा असाच पाठवावा, आणि काम गेले तर चूक माझी धरावी. त्यांनी तिच्याकडे एकवार पाहिले आणि पाठवला.

पाच दिवस काही कळले नाही. शर्वाणीने सोमवारचा उपवास धरला होता, पण मागितले काही नाही. सहाव्या दिवशी मगदूमसाहेबांचा फोन आला. आवाज थोडा ओशाळा होता. कारखान्यात पिशव्या भरणाऱ्या बायकांना त्यांनी तो व्हिडिओ दाखवला होता, आणि त्या बायकांनी तो तीन वेळा मागे नेऊन पाहिला होता.

“त्यांचं म्हणणं आहे, ठिगळ लावतानाचे हात जरा जास्त वेळ दाखवा. नीट दिसत नाही म्हणतात. आणि पाडव्याचं कधी करताय, तेही कळवा.”

शर्वाणीने व्हिडिओ पुन्हा उघडला. अक्कांची बोटे कणकेची चिमूट पातळ करत होती, तिथे तिने चार सेकंद वाढवले.

आपल्या घरी येत्या सणाला पहिली पोळी फाटली, तर आच मंद करावी आणि नैवेद्याला तीच घ्यावी.