दोनाचं एक

एका गावात एक भोळी सून होती. नुकतंच लग्न झालेलं. बोलायची कमी, ऐकायची फार. ती सून मीच, म्हणून तिच्या भोळेपणाची खात्री देते.

माझ्या नवऱ्याकडे, श्रीरंगकडे, एक जुना रोलचा कॅमेरा आहे. विटेसारखा जड. रोल चांगला रुंद, पण त्यात फोटो आठच. तो मला शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं.

"रोल नेहमी सावलीत भरायचा."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

रोल सावलीत भरला आणि मग सावली सोडलीच नाही. सासूबाईंना कोठीच्या खोलीत उभं करून फोटो काढले. सगळे काळे आले.

"अगं, फोटोला ऊन लागतं, ऊन!"

मान हलवली. पुढचा रोल अंगणात नेऊन उलगडला आणि खाटेवर कुरडयांशेजारी पसरला. वर कावळे हाकलत बसले.

"दोन्ही बाजूंनी ऊन दिलंय," मी म्हटलं.

श्रीरंगनी कुरडयांतून रोल उचलून घेतला. मग म्हणाले, "रोलवर असा उजेड पडता कामा नये. भिंगाला झाकण असतं ते कशाला? लावत जा."

लावलं. ते लावूनच फोटो काढले. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं, त्यामुळे झाकण असलं तरी आपल्याला सगळं छान दिसतं. म्हैस दिसली, तुळस दिसली. रोलला काहीच दिसलं नाही.

मग झाकण काढून मामंजींचा फोटो काढला. तो इतका धूसर आला की मामंजी म्हणाले, "हा मी, की म्हैस?"

श्रीरंगनी शेवटचा धडा दिला. "खिडकीच्या मधोमध एकाच माणसाच्या दोन आकृत्या दिसतात. भिंगाभोवतीची रिंग फिरवायची. दोनाचं एक झालं की बटण दाबायचं. तोवर नाही. कुणी कितीही घाई करो."

मान हलवली.

मग मामंजींची साठीशांत आली. त्यांची इच्छा एकच होती, दोन्ही बहिणींचा एकत्र फोटो. गंगूआत्या आणि यमूआत्या जुळ्या. मामंजींच्या लग्नात थोरल्या बहिणीच्या मानाची साडी कुणी घ्यायची यावरून बिनसलं होतं. थोरली कोण हे फक्त सुईणीला ठाऊक, आणि ती देवाघरी. तेव्हापासून दोघी एका बाकावर बसल्या नव्हत्या. मामंजींनी हातापाया पडून त्यांना झोपाळ्यावर बसवलं. श्रीरंग पंगतीत वाढत होते. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. कॅमेरा माझ्या हातात आला.

खिडकीतून पाहिलं. दोन आत्या. रिंग फिरवली. चार झाल्या. उलटी फिरवली. परत दोन. दोनाच्या खाली काही येईनात.

"सूनबाई, काढ गं! बसल्यात तोवर काढ!"

"मामंजी, अजून दोन दिसतायत."

"दोनच आहेत!"

"हो, पण एक व्हायला हवी."

गंगूआत्या म्हणाल्या, "श्रीरंगनं पोरगी कुठनं शोधली रे?"

मला अचानक सुचलं. म्हटलं, "आत्या, तुमच्यातली धाकटी जरा उठेल का?"

झोपाळा थांबला.

"ऊठ की गं," गंगूआत्या म्हणाल्या.

"मी का? तू ऊठ!" यमूआत्या म्हणाल्या.

कुणी उठेना. पंगत उठली, भांडी घासून झाली, तरी दोघी कड्यांना धरून बसून. बुंदी तिथेच खाल्ली. एकीच्या ताटातली भजी दुसरीनं उचलली तरी भांडण नाही. मामंजींचे डोळे भरून आले. "सूनबाई, आता तरी," ते हात जोडून म्हणाले.

मी बटणावर बोट ठेवून होते. दोनच दिसत होत्या.

तेवढ्यात यमूआत्यांना जोराचा ठसका लागला. पाणी प्यायला त्या उठल्या.

खिडकीत नेमकी एक उरली. मी बटण दाबलं.

"धाकटी उठली!" गंगूआत्या झोपाळ्यावरून ओरडल्या. "फोटोसुद्धा आहे!"

यमूआत्या मागच्या दारानं तशाच गावी गेल्या. श्रीरंग हात पुसत आले. "निघाला का गं दोघींचा?"

"हो," मी म्हटलं, "अगदी दोनाचं एक करून."