सावरओहळचा नावांचा ओटा

सावरओहळ गावात शिरताना डाव्या हाताला, पांगाऱ्याखाली, मातीचा एक ओटा लागतो. त्यावर मसाला वाटायचे वरवंटे उभे मांडलेत. कुणी काळा, कुणी तांबूस, कुणी वाटून वाटून कंबरेत झिजलेला. प्रत्येकाच्या डोक्यावर तान्ह्या पोराची कुंची. पाहुणे विचारतात, हे कुठले देव? तर देव नव्हेत, ही गावातली लेकरं आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे. ही सुगंधा, हा दौलत, ही मोहर. मधला जो फुटून दोन तुकडे झालाय, ती राजकुवर. ओट्यावरचं नाव गावात जित्या माणसाला ठेवत नाहीत. का ठेवत नाहीत, त्याचं असं सांगतात.

गावात पहिली विहीर खणली त्या वेळची ही गोष्ट म्हणे. नकुशी नावाची एक सून होती. तीन बहिणींच्या पाठीवर चौथी झाली, तेव्हा बापानं तोंडही न बघता सांगितलं, नको ही. तेच नाव पडलं. लग्नात तरी नाव बदलतील, ही आशा होती. पण सासू म्हणाली, "आहे ते बरंय, हाक मारायला सोपं." मग जन्मभर जो हाक मारी, तो नको म्हणूनच बोलावी.

वर्षातून दोनदा अमिना मणेरीण बांगड्या भरायला यायची. दहा गावं हिंडलेली बाई. बांगडी चढवताना हात दुखू नये म्हणून ती नावांच्या गोष्टी सांगे. ठाकरांच्यात बुधवारी झाली ती बुधी, सोमवारी झाली ती सोमी, तिथं फार विचार नाही. धनगरांच्यात आधी देवाचं नाव ठेवायचं, मग माणसांचं. "आणि आमच्यात अमिना म्हणजे जिच्या भरवशावर घर टाकून जावं अशी," ती सांगायची. "आता बघा, मीच घर टाकून गावोगाव फिरते!" बायका खो खो हसायच्या. नकुशीनं एकदा हळूच विचारलं, "मोठ्या तोलाचं, पोरीला शोभेल असं नाव कोणतं गं?" अमिनानं एका गढीतल्या पोरीचं नाव सांगितलं. राजकुवर, म्हणजे राजाची लेक.

नकुशीनं ते नाव जरीच्या लुगड्यासारखं ठेवणीत ठेवलं. नऊ वर्षं कूस उजवली नाही. नाव मात्र ती रोज मनातल्या मनात उलगडून बघायची आणि परत घडी घालायची. एकदा जात्यावर समोर बसलेल्या धाकट्या जावेला, चिमाला, तिनं ते सांगितलं. चिमाच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

पुढच्या वर्षी चिमाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. घरात आत्या कुणी नव्हती, म्हणून कानात नाव सांगायचा मान मोठ्या जावेकडे आला. रीतीप्रमाणे वरवंट्याला कुंची घातली, पाळण्याच्या खालून-वरून फिरवायला तो नकुशीच्या हातात दिला. तेवढ्यात चिमानं सगळ्या बायकांदेखत म्हटलं, "अक्का, नाव राजकुवर सांगा हं."

नकुशीच्या काळजात इंगळी डसली. चिमानं वैरानं केलं की भोळेपणानं, हे गावाला अजून ठरवता आलेलं नाही. कुणी म्हणतं, नाव वाया जाऊ नये, घरातच राहावं, असं तिला वाटलं असेल. नकुशीला एवढंच दिसलं, की पोर तर हिला झालीच, आता माझं नावही हिनं उचललं.

तिनं वरवंटा तोंडाशी धरला आणि त्याला सांगितलं, राजकुवर. मग वाकली, पोरीच्या कानात कुर्रर्र केलं आणि म्हणाली, दगडी. बायकांनी पाठीत बुक्के घातले, "काय गं, काय ठेवलं?"

"दगडी," नकुशी म्हणाली.

"अगं बाई! पोरीला?"

"पोरीला. राजकुवर ही," वरवंटा दाखवत ती म्हणाली.

कानात गेलेलं नाव बाहेर काढता येत नाही. नकुशी वरवंटा पदराखाली घेऊन आपल्या खोलीत गेली ती गेलीच. त्याला तेल लावी, न्हाऊ घाली, काजळ घाली. चिमा दारात येऊन ओरडायची, "अक्का, निदान माझा वरवंटा तरी द्या, चटणी कशानं वाटू?" आतून उत्तर येई, "नाव नेलंस तेव्हा मी विचारलं का, हाक कशानं मारू?" चिमाही हट्टाची. ती दाराआड लेकीला राजकुवरच म्हणायची आणि ते भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची.

पोर चालायला लागली, बोलायला लागली. मोठी आई, मोठी आई करत नकुशीच्या मागं फिरायची. नकुशी तिला गूळ द्यायची, पण खोलीत येऊ द्यायची नाही. पोर अंगणात धावली की ती आत जाऊन वरवंट्याकडे बघत बसायची. तो काही धावायचा नाही.

पोर चार वर्षांची असताना गावात पटकी आली. रोज दोन-तीन घरांत रडं. एका दुपारी दगडीलाही वांत्या सुरू झाल्या. पुरुषमाणसं रानात, चिमा वैदूकडे पळालेली. ओसरीवर पोर आणि उंबऱ्यात नकुशी. तेव्हा डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी दारात उभी राहिली. ती मरीआई होती, असं सांगतात.

"या घरात राजकुवर कोण?" ती म्हणाली. "न्यायला आलेय."

नुसतं बोट करायचं होतं. भिंतीपलीकडून चार वर्षं ऐकलेली ती हाक बंद झाली असती. ते नाव मग साऱ्या जगात नकुशीच्या एकटीचं राहिलं असतं. तिचा हात उचललाही गेला, असं म्हणतात. ओसरीवर पोर म्हणाली, "मोठी आई, पाणी."

नकुशीनं आधी पोरीला पाणी पाजलं. मग आत गेली, कुंची नीट बांधली आणि वरवंटा म्हातारीपुढे धरला.

"ही राजकुवर. मीच नाव ठेवलंय, सारा गाव साक्षीला होता. ती ओसरीवरची दगडी."

"तुझी का ही?"

"माझी. एकुलती."

म्हातारीनं वरवंटा हातात घेतला मात्र, त्याचे दोन तुकडे झाले. ते पांगाऱ्याखाली टाकून ती शिवेबाहेर गेली. संध्याकाळी दगडी उठून बसली आणि भाकरी मागू लागली.

चिमानं येऊन पाय धरले. नकुशीनं ते ओढून घेतले. "सोड. तुझी वाचली, माझी गेली," म्हणाली आणि छाती पिटून रडली. लोक आधी हसले. पण चिमा तिच्याशेजारी जमिनीवर बसली, दहा दिवस सुतक पाळलं, ते बघून हसणं थांबलं. तेराव्या दिवशी चिमानंच आपल्या हातानं पांगाऱ्याखाली ओटा घातला. नकुशीचा मत्सर पुरता गेला, असं मात्र कुणी सांगत नाही. दगडीच्या लग्नातही ती मुंडावळ्यांकडे बघून तोंड फिरवून उभी होती म्हणे.

आजही सावरओहळात बारसं असलं की बाळाची आई आधी मूल नसलेल्या बायकांच्या घरी जाते. उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारते, "बाई, तुमचं ठेवणीतलं नाव कोणतं? ते सांगा, मी दुसरं ठेवते." कुणी सांगते, कुणी दार लावून घेते. जी सांगते तिच्या नावाचा वरवंटा, तिची इच्छा असेल तर, ओट्यावर उभा राहतो. आणि जी दार लावते, तिच्यासाठी बाळाचं बारसं थांबतं, ती दार उघडेपर्यंत.