बासष्टावे पान

एकदा एका मुलीने एक कादंबरी भिंतीवर फेकून मारली. भिंतीचा पोपडा निघाला, कादंबरीचा पुठ्ठा निघाला आणि शेजारचे आजोबा भूकंप समजून अंगणात आले. कादंबरी होतीच तेवढी अवजड. वाचनालयात ती फळीवरून उतरवायला दोन माणसे लागत, असे सांगणारे सांगतात. खरे म्हणजे एकच लागे, पण तो पैलवान असावा लागे.

मुलीचे नाव कुमुद, वय एकोणीस. वाचनालयाच्या वाचक मंडळातली ती सर्वांत लहान सभासद. दर रविवारी एकाने एका ग्रंथावर बोलावे अशी मंडळाची प्रथा होती आणि येत्या रविवारी कुमुदची पाळी होती. ही कादंबरी अध्यक्षांनीच नेमून दिली होती. "वाच, वाच. तुझ्या वयात आम्ही सगळ्यांनी वाचली आहे," असे ते म्हणाले आणि बाकीच्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

एकसष्ट पाने सुखरूप पार पडली. बासष्टाव्या पानावर लेखकाने एक वाक्य सुरू केले. त्या वाक्यात नायकाच्या पणजोबांचे लग्न ठरले, मोडले, पुन्हा ठरले, नदीला पूर येऊन ओसरला, दोन घोडे म्हातारे झाले, तरी पूर्णविराम येईना. तो एकाहत्तराव्या पानावर होता. कुमुदने ते वाक्य नऊ वेळा वाचले आणि नऊही वेळा ती पुरात वाहून गेली. आपल्याला बुद्धीच नाही असा निष्कर्ष तिने काढला, आणि मग भिंतीचा तो प्रसंग घडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कादंबरी घेऊन चाचांकडे आली. चाचा हे गावातले वृद्ध बाइंडर. चाळीस वर्षे वाचनालयाची फाटकी पुस्तके त्यांच्याच हातांनी शिवली गेली होती. गेले वर्षभर कुमुद त्यांच्यापाशी बसून पुस्तकबांधणी शिकत होती.

चाचांनी निखळलेला पुठ्ठा पाहिला. "पडली का गं?"

"हो."

"पडली की पाडली?"

"फेकली."

"भिंत बरी आहे ना?"

कुमुदला हसू आले नाही. "चाचा, रविवारी प्रस्तावनेतली चार वाक्यं पाठ म्हणून दाखवते आणि मंडळ सोडते. वाचनालयाचं कार्डसुद्धा परत करणार. ही पुस्तकं माझ्यासाठी नाहीत."

चाचांनी सुई ओवली. त्या दिवशी वाचनालयाची आणखी सहा पुस्तके आली होती. त्यांनी ती शिवली, खळ लावली, आणि एकेक पुस्तक कटिंग मशीनखाली धरून मळलेल्या कडा कापून काढल्या. पुस्तके दुधासारखी पांढरी झाली. मग कादंबरी शिवली, मशीनखाली धरली, क्षणभर थांबले आणि कडा न कापताच नवा पुठ्ठा चढवून तशीच मळकी कुमुदच्या हातात दिली.

"ही अशीच ने."

"अशी? एवढी एकच घाण ठेवलीत? मी फेकली म्हणून शिक्षा का?"

"घाण म्हणू नकोस, बेटा. दारात जा आणि उजेडात कडा बघ."

कुमुदने पाहिले. मिटलेल्या पुस्तकाच्या कडेला सुरुवातीचा नखभर भाग राखाडी होता. त्यानंतर एक रेघ काळीकुट्ट. पुढे चार बोटे कोरी पांढरी पाने, आणि अगदी शेवटी पुन्हा एक बारीक राखाडी पट्टी.

"ती काळी रेघ उघड," चाचा म्हणाले.

कुमुदने नख घालून पान उघडले. बासष्टावे.

तेव्हा चाचा बोलले. "हे पुस्तक मी तिसऱ्यांदा बांधतोय. तिन्ही वेळा रेघ याच ठिकाणी. उगाच कुणाची अब्रू जायला नको म्हणून दोनदा कापून टाकली. पण एक लक्षात ठेव. सोप्या पानाला मळ लागत नाही, बोट पुढं निघून जातं. जिथं माणूस अडतो, तिथं बोट थांबतं, त्याला घाम येतो, माणूस मागं जातो, पुन्हा येतो. या पुस्तकातलं सगळ्यांत जास्त वाचलेलं पान हेच. सगळं गाव इथं बसून गेलंय, आणि प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच."

"आणि शेवटची ही पट्टी?"

"शेवट कसा झाला ते बघायला नको? नाहीतर रविवारी बोलणार काय?"

आता मात्र कुमुद हसली. "तुम्ही वाचलीत का हो?"

"त्या काळ्या रेघेत माझी खळही आहे," चाचा म्हणाले. "चाळीस वर्षं झाली, मी अजून बासष्टलाच आहे."

रविवारी कुमुद उभी राहिली. मुठीत प्रस्तावनेच्या चार वाक्यांचा कागद होता. तिने तो उघडला नाही. कादंबरीची मळकी कडा सर्वांना दिसेल अशी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मी बासष्टाव्या पानावर अडले आहे. पणजोबांचं लग्न नक्की कुणाशी ठरलं, तेच मला कळत नाही."

एकेकाची नजर त्या काळ्या रेघेवर गेली आणि जणू प्रत्येकाला आपापले बोट ओळखू आले. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मलाही," ते हळूच म्हणाले, "घोड्यांच्या पुढे कधी जाता आलं नाही."

"घोड्यांपर्यंत पोहोचलात?" मागून कोणीतरी म्हणाले. "आम्ही तर पुरातच राहिलो!"

हसणे ओसरल्यावर अध्यक्ष म्हणाले, "कुमुद, मोठ्यानं वाच. तुझा दम संपला की पुढचा वाचेल." ते एक वाक्य पार करायला बारा माणसे लागली आणि चहा दोनदा थंड झाला. पूर्णविराम आला तेव्हा टाळ्या पडल्या. वधू कोण, यावर मात्र चार मते झाली. ती मिटवण्यासाठी पुढचे पान वाचणे भाग होते.

सहा महिन्यांनी कादंबरीची शिवण पुन्हा उसवली. या वेळी ती कुमुदने स्वतः शिवली. कडेचा काळपट रंग आता पुस्तकाच्या मध्यापर्यंत सरकला होता.

"कुठवर आलीस?" चाचांनी विचारले.

"चारशे सोळा. तीन आठवडे तिथंच अडलेय."

"म्हणजे ठीक चाललंय," चाचा म्हणाले. मशीनकडे त्यांनी पाहिलेही नाही. हातांची खळ धोतराला पुसत ते थोडे संकोचून म्हणाले, "दोन दिवस पुस्तक इथं राहू दे. आणि तूही जरा बस."

कुमुदने बासष्टावे पान उघडून त्यांच्यापुढे ठेवले. चाचांनी त्या काळ्या कडेवर बोट टेकवले आणि वाचायला सुरुवात केली. पणजोबांचे लग्न पुन्हा ठरू लागले.