लाकडी हातांचे राज्य

एका राज्यात सोमकेतू नावाचा राजा होता. राजा शूर होता, न्यायी होता आणि त्याला क्षणाची फुरसत नव्हती. सकाळी दरबार, दुपारी कोठारे, संध्याकाळी घोडे. तिन्हीसांजेला डोंगरावरच्या देवळात जाऊन हात जोडून उभे राहायचे, ही त्या राजघराण्याची रीत. राजा उभा राही खरा, पण त्याचे अर्धे चित्त पागेत असे.

अशात एके दिवशी शुष्कांग नावाचा मांत्रिक दरबारात आला. अंगाने वाळका, बोलण्याने गोड. त्याने झोळीतून चंदनाचे दोन हात काढले. मनगटापर्यंत कोरलेले, एकमेकांना जोडलेले. नखे आणि तळव्यांच्या कडांवरच्या रेषासुद्धा हुबेहूब राजाच्या.

मांत्रिक म्हणाला, "महाराज, हे देवापुढे ठेवा. हे अहोरात्र जोडलेले राहतील. आपण राज्य करा."

राजाला ही सोय फार आवडली. मोबदला काय, असे विचारले तर मांत्रिक म्हणाला, मला काही नको. फुकट देणाऱ्याला राजाने आणखी चार प्रश्न विचारायला हवे होते, पण तेवढ्यात घोडे आले आणि राजा उठला.

राजाने केले तेच प्रजेने केले. राणी सुवर्चलेने शिसवी हात ठेवले आणि त्यांत हिरव्या बांगड्या भरल्या. शेटजींनी सागाचे ठेवले, गरिबांनी बाभळीचे. पुजाऱ्यानेही आपली जोडी मांडली आणि तो दुपारचा निवांत घोरू लागला. सात वर्षांत देऊळ लाकडी हातांनी इतके भरले की गाभाऱ्यात पाऊल टाकायला जागा उरली नाही. पाऊल टाकायचे कोणाच्या मनातही नव्हते, म्हणून कोणी तक्रार केली नाही.

आठव्या वर्षी एक बाई हातावर भाकरी थापायला बसली आणि तिचे तळवे एकमेकांजवळ येईनात. मध्ये वीतभर अंतर राहिले. तिने जोर लावला, नवऱ्याला हाक मारली. नवऱ्याचीही तीच गत. सूर्य मावळेपर्यंत साऱ्या राज्याची तीच गत झाली. ओंजळीने पाणी पिता येईना. लग्नात अक्षता पडल्या, पण टाळी वाजेना. कुंभाराच्या चाकावर मडके उभे राहीना. प्रधानाने दोन पहिलवान बोलावून आपले हात दाबून घेतले. पहिलवान घामाघूम झाले, प्रधान रडला, वीत ती वीतच राहिली.

लोकांनी देवाला हाक मारायला तोंड उघडले, तर शब्द ओठांपर्यंत येत आणि कोठे तरी निघून जात. आता शहाण्या माणसांनी काय करावे? त्यांनी आणखी लाकडी हात कोरून घेतले.

मग बोटे लाकडाची होऊ लागली. ज्याचे हात देवळात आधी ठेवलेले, तो आधी. म्हणजे सर्वांत आधी राजा. चैत्रात त्याची बोटे गेली, वैशाखात कोपर, ज्येष्ठात खांदे. राजवैद्याने नाडी बघायला मनगट धरले आणि तसेच खाली ठेवले. त्याने राणीला बाजूला घेऊन सांगितले की येत्या पौर्णिमेला सूर्य मावळला की महाराज पायापासून डोक्यापर्यंत लाकूड होतील, आणि मग औषध सुतारालाच विचारावे लागेल.

सुवर्चलेचा आपल्या नवऱ्यावर जीव होता. ती एका हाताने त्याला घास भरवी आणि तो खाली मान घालून खाई. त्या दिवशी घास त्याच्या तोंडाशी नेताना भात सांडला. राजाला तो उचलता आला नाही. राणी तिथून उठली, खिडकीशी गेली आणि रडली.

खिडकीत एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "राणी, रडणं झालं की ऐक. माझं घरटं गाभाऱ्याच्या कोनाड्यात होतं. तुझ्या बांगड्यावाल्या हातांनी माझी जागा घेतली. तरी मी सांगते."

राणी म्हणाली, "सांग."

साळुंकीने सांगितले ते असे. शुष्कांगाची गुहा उत्तरेच्या डोंगरात आहे. त्या गुहेत एक काळा रांजण आहे. या राज्यातला प्रत्येक नमस्कार, प्रत्येक प्रार्थना त्या लाकडी हातांच्या वाटेने त्या रांजणात जाऊन पडते आणि शुष्कांग ती पिऊन जगतो. रांजण लोखंडाने फुटत नाही. त्याच्यापुढे उभे राहून कोणी आपल्या तोंडाने देवाला हाक मारली, तरच तो फुटेल.

"वाटेत तीन अडथळे आहेत," साळुंकी म्हणाली. "आडवी नदी, आडवी राक्षसीण आणि शेवटी तो स्वतः. रांजण फुटला की वाट मोकळी होईल. पुढे ज्याचं त्याने मागायचं."

शेवटच्या वाक्याकडे राणीचे लक्ष गेले नाही. ती निघण्याच्या तयारीला लागली होती.

निघताना प्रधानाने तिच्या दंडात सोन्याचा ताईत बांधला. पुजाऱ्याने एक हजार आठ मण्यांची माळ गळ्यात घातली. राजमातेने चांदीची घंटा दिली. तिघांनीही सांगितले की आता भिण्याचे कारण नाही. साळुंकी राणीच्या खांद्यावर बसली आणि म्हणाली की मलाही थोडी जागा ठेवा.

तिसऱ्या दिवशी नदी लागली. पाणी काळे आणि वेगाचे. ना नाव, ना उतार. राणीने दंडावरचा ताईत दाखवला. नदी वाहत राहिली. राणीने ताईत पाण्यात टाकला. एका माशाने तो गिळला आणि लगेच थुंकून दिला.

साळुंकी म्हणाली, "तिच्याशी बोलून बघ."

राणीला बोलायचे म्हणजे काय तेच आठवेना. सात वर्षांत तिने कोणाकडे काही मागितले नव्हते. माणसांकडे हुकूम पाठवला होता आणि देवाकडे शिसवी हात. तिने दोनदा तोंड उघडले आणि मिटले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "नदी, माझा नवरा लाकूड होतो आहे. मला पलीकडे जायचं आहे. वाट दे."

नदी म्हणाली, "दिली." पाणी दोहीकडे सरले आणि राणी कोरड्या पायांनी पलीकडे गेली.

पाचव्या दिवशी खिंड लागली. खिंडीत एक राक्षसीण बसली होती, एक पाय लांब पसरून. पाय एवढा की खिंड त्याने पुरी अडवली होती. राणीने गळ्यातली माळ काढून तिच्या पायाच्या अंगठ्यात घातली. राक्षसिणीने कंटाळलेल्या डोळ्यांनी पाहिले. त्या अंगठ्यात आधीच कितीतरी माळा होत्या, आणि आजूबाजूला वाळलेल्या लिंबांचा आणि अंगाऱ्याचा ढीग पडलेला होता.

राणीला एकाएकी हसू आले. ती म्हणाली, "मावशी, जरा पाय आवर. मला जायचं आहे."

राक्षसिणीने पाय आवरला. मग ती म्हणाली, "बाई, सत्तर वर्षं लोक माझ्या अंगावर लिंबं फेकतात. पाय आवर असं कोणी म्हटलं नाही. माझा पाय अवघडून गेला होता." तिने राणीच्या डोक्यावर बोट ठेवून आशीर्वाद दिला आणि दुसऱ्या बाजूला तोंड करून झोपली.

आठव्या दिवशी, पौर्णिमेच्या दुपारी, राणी गुहेशी पोचली. शुष्कांग दारातच बसला होता. तो आता वाळका राहिला नव्हता. सात वर्षांचे नमस्कार पिऊन त्याचे गाल तुकतुकीत झाले होते, पोट सुटले होते. त्याच्या मागे तो काळा रांजण, माणसाहून उंच, आणि आतून सतत पुटपुटल्यासारखा आवाज येत होता.

राणीने घंटा वाजवली. घंटेचा नाद गुहेत शिरला, रांजणात उतरला आणि मांत्रिकाने ढेकर दिला.

"आणखी वाजव," तो म्हणाला. "तुमच्या देवळातल्या घंटा मी रोज न्याहारीला घेतो."

मग त्याने एक पेटी उघडली. आत हिऱ्यांचे दोन हात होते, जोडलेले. त्यांचा उजेड गुहेच्या छतावर पडला.

"राणी, पतीसाठी पत्नी काय करणार नाही? हे ने आणि चंदनाच्या हातांपुढे ठेव. सूर्य मावळायच्या आत सोमकेतू बरा होईल. मी खोटं बोलत नाही."

तो खरेच खोटे बोलत नव्हता, हीच त्यातली मेख होती. एक राजा सुटला असता आणि राज्य पुढची शंभर वर्षे त्याच्या रांजणात पडले असते. पण राणीला त्या वेळी राज्य दिसत नव्हते. तिला सांडलेला भात दिसत होता. तिचा हात पेटीपर्यंत गेला. तिने त्या हिऱ्याच्या बोटांना स्पर्श केला. ती थंडगार होती, आणि अशीच थंडगार बोटे ती चैत्रापासून रोज पुसत आली होती. तिने हात मागे घेतला आणि घंटा खाली ठेवली.

मांत्रिक हसला. "मग हाक मारणार? हात तर जुळत नाहीत तुझे. न जोडलेल्या हातांची हाक कोण ऐकतो?"

राणी थबकली. नदी तिला दिसली होती, राक्षसीण दिसली होती. देव कोठे दिसतो? कोणत्या दिशेला तोंड करायचे तेही तिला ठाऊक नव्हते. तिने दोन्ही हात पुढे केले. तळवे वीतभर दूरच राहिले, आणि तिने ते तसेच राहू दिले.

"देवा," ती म्हणाली, "मला बोलायची सवय राहिली नाही. सात वर्षं मी तुझ्याकडे लाकूड पाठवलं, त्याची मला लाज वाटते. हात जुळत नाहीत, ते असेच घे. माझा नवरा मला हवा आहे. माझी माणसं मला हवी आहेत. दुसरं काही माझ्याजवळ नाही."

शब्द ओठांवर आले. रांजणाने त्यांना ओढले. शब्द रांजणात गेले नाहीत.

रांजणाला वरपासून खालपर्यंत तडा गेला. मग तो मोठ्याने फुटला आणि सात वर्षे अडकलेल्या हाका बाहेर पडल्या. बाळाचा ताप उतरू दे. गाय घरी येऊ दे. लेक सासरी रमू दे. हजारो आवाज राणीच्या डोक्यावरून आकाशात गेले, आणि त्यांत एक आवाज तिच्या ओळखीचा होता: "देवा, ती..." एवढाच, अर्धवट. तो सोमकेतूचा होता.

शुष्कांग उठायला गेला आणि त्याच्याने उठवले नाही. त्याचे पाय जमिनीत रुतले, अंगाला साल चढली, आणि पाहता पाहता तिथे बाभळीचे एक वठलेले खोड उभे राहिले. राणीने आपले हात पाहिले. तळवे एकमेकांना टेकले होते. तिने ते डोळ्यांना लावले आणि लगेच वाटेला लागली, कारण सूर्य कलला होता. खिंडीत राक्षसिणीने तिला उचलून तळहातावर घेतले आणि तीन ढांगांत नदीकाठी आणून सोडले. नदीने तिला पाठीवर घेतले आणि थेट राजवाड्याच्या घाटाला लावले.

घाटावर लोकांची दाटी होती. राणीचे जुळलेले हात त्यांनी पाहिले आणि जयजयकार केला. प्रधान पुढे येऊन म्हणाला की राणीसाहेबांनी आता सर्वांसाठी प्रार्थना करावी, आणि आपल्या हातांचा सोन्याचा साचा घेऊ द्यावा, म्हणजे पुढच्या पिढ्यांची कायमची सोय होईल. साळुंकीने त्याच्या पागोट्यावर बसून जोराची चोच मारली.

राणी कोणाशी न बोलता आत धावली. राजा सिंहासनावर होता. छाती लाकूड, गळा लाकूड, कान लाकूड, डोळे लाकूड. फक्त ओठ उरले होते. तिने त्याला हाक मारली. त्याला ऐकू आली नाही. तिने त्याचे हात धरले. त्याला कळले नाही. खिडकीत सूर्याची कडा टेकली होती.

"तुम्ही मागा, राणीसाहेब," सारे म्हणू लागले. "त्यांच्या वतीने तुम्ही मागा."

"मी माझं मागून आले," राणी म्हणाली. "आता त्यांचं ते मागतील." आणि ती त्याच्या पायांशी बसली.

सूर्य अर्धा बुडाला. तेवढ्यात राजाचे ओठ हलले.

"देवा," सोमकेतू म्हणाला. त्याचा आवाज लाकडाच्या आतून आल्यासारखा बसका होता. "ती... ती सुखरूप परत येऊ दे."

कडाड् असा आवाज झाला आणि राजाच्या कानांवरची साल फुटून पडली. राणी म्हणाली, "आले मी." मग डोळे सुटले, गळा सुटला, खांदे, कोपर, मनगटे, आणि शेवटी बोटे. त्या बोटांनी त्याने आधी तिचे डोळे पुसले आणि मग आपले.

बाहेर लोकांनी ते ऐकले. कोणी कोणाला काही शिकवले नाही. ज्याचे त्याने तोंड उघडले आणि ज्याला जे हवे ते मागितले, बोबडे, अडखळत, काहींनी तर भांडून. पुजारी सर्वांत जास्त अडखळला. आणि मग गावाच्या एका टोकाकडून पहिली टाळी वाजली. तिच्यामागे दुसरी वाजली, आणि थोड्याच वेळात सारे राज्य टाळ्यांनी दुमदुमले.

दुसऱ्या दिवशी देवळातले सारे लाकडी हात बाहेर काढले. चंदन, शिसव, साग, बाभूळ, सगळे एका ढिगात. त्यांच्यावर राज्यभरच्या चुली पेटल्या, आणि घराघरांतून हातावर भाकऱ्या थापल्याचा आवाज येऊ लागला. राणीने राजाचे चंदनाचे हात स्वतःच्या हाताने चुलीत सारले आणि पहिली भाकरी राजाला वाढली. ती थोडी करपली होती. राजाने ती दोन्ही हातांनी मोडून खाल्ली.

तिन्हीसांजेला राजा देवळात गेला. गाभारा रिकामा, स्वच्छ. कोनाड्यात साळुंकीने काड्या आणायला सुरुवात केली होती. बाहेर घोडे फुरफुरत होते. राजाने त्यांना थांबायला सांगितले.

साळुंकीला घरटे मिळाले, चुलीवर भाकरी फुगली, राजाची हाक जिथे जायची तिथे गेली. ऐकणाऱ्यांनो, ज्याची त्याची हाक अशीच पोचो.