अल्बम सुधारणारे नानासाहेब

चातुर्मासात कुणाबद्दल उणंदुणं बोलायचं नाही, असा नेम वाईच्या सुमतीकाकूंनी एकदा धरला होता. नेमका त्याच दिवसांत त्यांच्या भजनी मंडळाचा सत्कार ठरला. मंडळाचा पहिला अल्बम नातेवाइकांनीही पुरता ऐकला नव्हता. पुढचे मात्र चढत गेले आणि चौथा तर रिक्षांतून वाजू लागला.

सत्कारात स्टुडिओचे मालक नानासाहेब माइक धरून म्हणाले, "ही सगळी माझी कृपा. आता पाचव्यात मुख्य आवाज माझाच असणार. काय काकू, खरं ना?"

बायकांची पंचाईत झाली. नाही म्हणावं तर स्टुडिओ जाणार, हो म्हणावं तर अल्बम.

काकूंनी हात जोडले. "अगदी खरं. पहिल्यात तुम्ही आमच्याबरोबर गायलात. दुसऱ्यात नुसत्या झांजा वाजवल्यात. तिसऱ्यात नुसती मान डोलावलीत, आणि चौथ्याच्या वेळी परगावी होतात. आमच्यासाठी इतकं केलंत, तर पाचव्यासाठी काशीयात्राच करून या."

सभागृह हसून लोटपोट झालं. चारचौघांत नानासाहेबांनाही हसावं लागलं, आणि स्टुडिओची किल्ली काकूंकडे देऊन ते खरोखर काशीला गेले. पाचवा अल्बम सर्वांत गोड झाला.

तर बायांनो, तुमच्या मंडळात असं कुणी कृपा करणारं असेल, तर त्यांनाही मानाने यात्रेला धाडा. पुण्य दोघांनाही लागतं.